बैलाच्या पोटाखालचं नाव

माझा थोरला भाऊ रविकांत याच्याशी कुठल्याही विषयावर सरळ बोलणं कठीणच असायचं, आणि फोटोवर आपलं नाव कसं टाकावं या विषयावर तर अशक्य. एकोणीसशे सत्तावन्न ते बासष्ट, अशी पाच वर्षं त्यानं या एका गोष्टीपायी आम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लं. मी तारा, त्याची धाकटी बहीण. अमरावतीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, आणि खरं सांगायचं तर या सगळ्याची सुरुवात माझ्याच हातून झाली.

आमचे वडील गोपाळकृष्ण पांढरीपांडे अमरावतीच्या कोर्टात वकिली करत. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. दादानंही वकील व्हावं म्हणून त्यांनी त्याला नागपूरला कायदा शिकायला पाठवलं. दीड वर्षानं तो परत आला तो पुस्तकं विकून घेतलेला जुना कॅमेरा गळ्यात अडकवून. जे भांडण व्हायचं ते झालं. चौपन्न साली दादानं अकोल्याला जठारपेठेत स्टुडिओ टाकला आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. चारुशीलावहिनी संक्रांतीला एकटीच यायची, आईच्या पाया पडायची, दोन दिवस राहून परत जायची. नाना तिची विचारपूस करायचे, नवऱ्याचं नाव काढायचे नाहीत.

सत्तावन्नच्या जानेवारीत अंजनगाव सुर्जीच्या बाजूला एका गावी शंकरपट होता. बैलजोड्यांच्या शर्यतीला तोबा गर्दी जमते, तशी तिथंही होती. दादा धावपट्टीच्या कडेला मातीत पालथा पडला आणि खुशालराव नावाच्या कास्तकाराची जोडी समोरून गेली तेव्हा त्यानं कॅमेरा दाबला. पुढं तो फोटो मी पाहिला. दोन्ही बैलांचे पुढचे पाय हवेत, छकड्यावरचा हाकणारा अर्धा बाहेर लोंबकळलेला, त्याचा फेटा सुटून मागं उडालेला. दादानं एक प्रत खुशालरावांना भेट दिली, एक स्टुडिओच्या काचेत लावली. बाजाराला आलेले लोक रस्त्यात थांबून पाहायचे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी शाळेतल्या बायकांबरोबर गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात गेले होते. बाहेर दुकानं लागलेली. एका दुकानात चौकटीतल्या तसबिरी टांगल्या होत्या आणि त्यांत मधोमध दादाचे बैल. फक्त बैल थोडे धुरकट झाले होते आणि खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘नत्थुजी फोटोवाले, अंजनगाव’. मी एक प्रत घेतली आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं अकोल्याला धाडली. तेवढं केलं नसतं तर पुढची पाच वर्षं सुखात गेली असती.

दादा वहिनीला घेऊन तडक अंजनगावला गेला. पुढचं मला वहिनीनं सांगितलं. नत्थुजी पन्नाशीचा, शांत, पान खाणारा माणूस. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

“हा फोटो माझा आहे,” दादा म्हणाला.

“असंल,” नत्थुजी म्हणाला. “खुशालरावच्या घरी पाह्यला, मले लय आवडला. म्हनून मी त्याचा फोटो काढला.”

“माझ्या फोटोचा फोटो काढून त्यावर स्वतःचं नाव टाकलंत?”

“मंग कोनाचं टाकू? तुमचं नाव त्याच्यावर कुठी होतं, सायेब? मी तं उलटून-पालटून पाह्यलं. नाव असतं तं मी कावून खोडलं असतं?”

दादा इतका ओरडला की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. नत्थुजीनं त्यालाही चहा दिला.

घरी परत येईपर्यंत दादाचं ठरलं होतं. यापुढं आपल्या स्टुडिओतून एकही कागद नावाशिवाय बाहेर जाणार नाही.

पहिल्यांदा त्यानं रबरी शिक्का करून आणला. पूर्ण मजकूर: रविकांत गोपाळकृष्ण पांढरीपांडे, छायाचित्रकार, जठारपेठ, अकोला. वडिलांशी बोलायचं नाही पण शिक्क्यात त्यांचं नाव हवं, हे त्याचं वागणं. शिक्का फोटोच्या पाठीवर मारायचा. जांभळी शाई वाळायच्या आधीच त्यानं फोटो एकावर एक रचले आणि एका लग्नाच्या संचात नवरीच्या गालावर ‘छायाचित्रकार’ ही अक्षरं उलटी उमटली. नवरीच्या मामानं पाकीट टेबलावर आपटलं. दादा शिक्का करणाऱ्याशी भांडून आला. तो बिचारा म्हणाला, शाई तुमची, हात तुमचा, माझं फक्त रबर.

वहिनी म्हणाली, “अहो, आणि फोटो चौकटीत गेला की पाठ कोण बघणार?”

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. दोनदा.”

मग त्यानं नागपूरहून दाबाचा शिक्का मागवला. लोखंडी दांडा दाबला की कागदावर शाईविना नाव उठून यायचं. दिसायला ते खरंच सुरेख होतं. पण आमच्या वऱ्हाडात असा उठावदार गोल शिक्का लोकांनी एकाच ठिकाणी पाहिलेला, सरकारी कागदावर. मूर्तिजापूरकडचे महादेवराव नावाचे म्हातारे शेतकरी स्वतःचा फोटो न्यायला आले, त्यांनी त्या गोलावरून बोट फिरवलं आणि फोटो खाली ठेवला.

“कोर्टाचा शिक्का कावून मारला?”

“कोर्टाचा नाही, माझा आहे. माझं नाव आहे त्यात.”

“तुमचे बाप वकील हायेत म्हने अमरावतीले. मले सारं मालूम हाय. माह्या तोंडावर शिक्का मारून तुमी मले कशात अडकवून राहिले?”

शिक्का तोंडावर नव्हता, बुटाजवळ होता. पण महादेवरावांनी फोटो नेला नाही, आणि गावाकडच्या आणखी चार माणसांना सांगितलं. शिवाय दाबल्या जागी फोटोचा चकचकीत थर तडकायचा. महिनाभरात तो दांडा कपाटाखाली गेला.

तिसरा उपाय त्याला कुठल्याशा मासिकात सापडला. फोटोच्या काचेवरच, म्हणजे निगेटिव्हवर, काळ्या शाईनं नाव लिहायचं. निगेटिव्हवरचं काळं ते छापल्यावर पांढरं होतं, तेव्हा प्रत्येक प्रतीवर आपोआप पांढऱ्या अक्षरांत नाव येतं. दादानं नाव लिहिलं, छापलं आणि ते आलं आरशात पाहावं तसं. म्हणजे काचेवर मुळात उलटं लिहायला हवं होतं. तो आठ दिवस उलटं लिहायला बसला. मी त्याच सुमारास दोन दिवस अकोल्याला गेले होते. जमिनीवर फेकलेले कागद, हाताला शाई, आणि तो स्वतःलाच शिव्या देत होता. ‘पांढरीपांडे’ हे आडनाव उलट्या बाजूनं लिहिताना वेलांटी नि मात्रा कुणीकडे जातात ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

वहिनीनं पोळ्या उरकल्या, हात पुसले आणि एक पाटी घेऊन आरशासमोर बसली. तिनं लहानपणी काकांच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे उलटे खिळे तासन्‌तास पाहिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती सरळ लिहावं इतक्या सहज उलटं लिहू लागली. बारीक कुंचल्यानं तिनं काचेवर नाव घातलं. छापून आल्यावर ते इतकं देखणं दिसलं की दादा पाच मिनिटं गप्प बसला. त्याच्या हिशोबात ती मोठी शाबासकी होती.

तिथंच थांबला असता तर बरं. पण नत्थुजी त्याच्या डोक्यातून जात नव्हता. कोपऱ्यात लहान नाव घातलं तर तो कोपरा कापील, म्हणून दादा म्हणाला, नाव मोठं हवं आणि खालच्या बाजूला मधोमध हवं. वहिनी म्हणाली, लोकांना आवडणार नाही. मीही म्हणाले. त्यानं आम्हा दोघींना फोटोतलं काय कळतं असं विचारलं.

अठ्ठावन्नच्या पावसाळ्यानंतर एके सकाळी नाना ओसरीत बसून आमच्या अमरावतीचं एक साप्ताहिक वाचत होते. मी शाळेत जायला निघाले होते. एकाएकी त्यांनी हातातला अंक डोळ्यांजवळ नेला. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. आतल्या पानावर काळ्या चौकटीत एक फोटो होता. शाई इतकी फासलेली की टोपी आणि मिशा एवढंच कळत होतं. खाली छापलं होतं, ‘कै. रविकांत पांढरीपांडे, अकोला’.

नानांनी चार वर्षांत दादाला पाहिलं नव्हतं. मी दोन महिन्यांपूर्वी पाहिलं होतं, तेव्हा त्याला मिशा नव्हत्या. पण दोन महिन्यांत मिशा येतातच की. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच धड येईना. आई, म्हणजे गोदावरीबाई, देवघरातून बाहेर आली आणि आमची तोंडं पाहून तिथंच खाली बसली.

बडनेऱ्याला जाऊन आम्ही मिळाली ती गाडी पकडली. नाना खिडकीबाहेर बघत होते आणि मधेच म्हणाले, “मी एक पोस्टकार्ड तरी टाकायला हवं होतं.” कुणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे.

जठारपेठेत टांगा थांबला तेव्हा स्टुडिओतून दादाचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. शाईची बाटली कुणी उघडी ठेवली, यावरून तो वहिनीवर डाफरत होता. आई टांग्यातून कशी उतरली मला कळलं नाही. ती आत गेली, तिनं दादाच्या खाडकन्‌ कानशिलात दिली आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. नाना दारातच उभे राहिले. मग ते आत येऊन गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या नक्षीच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “पाणी दे.”

चार वर्षांनंतरचा पहिला शब्द तो.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. अकोल्याजवळच्या एका खेड्यात पुंजाराम नावाचे मास्तर तापानं वारले होते. दादानं त्यांचा फोटो काढलेला होता. घरच्यांनी दुःखाची बातमी आणि तो फोटो अमरावतीला साप्ताहिकाकडे पाठवला. छापखान्यात बातमीची चिठ्ठी कुठं तरी पडली, फोटो राहिला, आणि फोटोवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत नाव होतंच. अक्षरं जुळवणाऱ्यानं तेच उचललं.

नाना काही बोलले नाहीत असं नाही. तासभर बोलले. “फोटो काढणाऱ्याचा हक्क शाबीत करायला नाव कशाला लागतं? मूळ काच तुझ्याजवळ आहे ना? कोर्टात ती दाखवली की झालं. कायद्याचं दीड वर्ष काय केलंस?”

“मला कोर्टात नाही जायचं,” दादा म्हणाला. “लोकांना कळायला पाहिजे.”

“कळलं की लोकांना. अख्ख्या अमरावतीला कळलं!”

आम्ही त्या रात्री तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आली. पांढरं कपाळ, डोईवर पदर, हातात घडी केलेलं तेच साप्ताहिक. पुंजाराम मास्तरांची बायको सुभद्राबाई. दादा तिला साप्ताहिकवाल्यांचा हलगर्जीपणा सांगायला लागला. तिनं ऐकून घेतलं.

“सायेब, तुमचं नाव मोठं हाय, मी नाई म्हनत नाई,” ती म्हणाली. “पन मेला तं आमचा मानूस ना? ज्यायनं अर्ध्या तालुक्याले नाव लिहायले शिकवलं, त्याईले मरूनबी सोताचं नाव नाई भेटलं.”

दादा आत गेला, मास्तरांच्या फोटोची काच शोधून काढली आणि ओल्या कापसानं तिच्यावरची शाई स्वतः पुसून काढली. दुपारपर्यंत सुभद्राबाईला त्यानं कोरा फोटो दिला, नानांनी साप्ताहिकाच्या संपादकाला पत्र लिहिलं आणि पुढच्या अंकात मास्तरांच्या नावानिशी तोच फोटो पुन्हा छापून आला. त्या दिवसापासून माणसांच्या फोटोवर नाव टाकायचं नाही, असं दादानं ठरवलं. ते त्यानं शेवटपर्यंत पाळलं.

पण स्वतःच्या हौसेनं काढलेल्या फोटोंचं काय? शंकरपट, कापसाचा बाजार, पूर्णेचा पूर? त्यांच्यासाठी वहिनीनं नवं नाव बसवलं. वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. आधी ‘फोटो’, मग ‘रविकांत, अकोला’. लहान, बारीक, उजव्या कोपऱ्यात. ‘फोटो’ हा शब्द असला म्हणजे पुन्हा कुणी कैलासवासी करणार नाही. साठ सालच्या शंकरपटात दादानं खुशालरावांच्याच नव्या जोडीचा फोटो घेतला, पहिल्याहून सरस, आणि तो असा नाव घालून बाहेर पडला. तीन महिन्यांत मोझरीच्या दुकानात तो नत्थुजीच्या नावानं हजर. उजवा कोपरा कापलेला. त्यात छकड्याचं अर्धं चाकही गेलं होतं. नाव गेल्यापेक्षा चाक गेल्याचा दादाला जास्त संताप आला. दोन दिवस तो जेवताना चाकाबद्दलच बोलत होता.

पुढल्या वर्षीच्या पटाचा फोटो धुऊन तयार झाला तेव्हा वहिनीनं निगेटिव्ह त्याच्या हातातून घेतलं. “आता मला विचारू नका,” ती म्हणाली. ती उजेडात दारापाशी बसली. हातात कुंचला नव्हता, शिवणाची सुई होती. सुईनं निगेटिव्ह खरवडलं की छापल्यावर तिथं काळी रेघ येते. अलीकडच्या बैलाच्या पोटाखाली उडालेल्या धुळीत, काडीकचरा दिसावा अशा रेघांत, तिनं उलट्या अक्षरांत ‘रविकांत, अकोला’ असं कोरलं. फोटो बघणाऱ्याला ते दिसायचं नाही. दाखवलं की मात्र दुसरं काही दिसायचं नाही.

नत्थुजीला दिसलं नाही. त्यानं सवयीनं उजवा कोपरा कापला, आपलं नाव घातलं आणि तसबिरी गावोगाव गेल्या. अंजनगावच्या बाजारात खुशालरावांनी एक दिवस आपल्याच बैलांचा फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि भर दुकानात हसत सुटले. आठवड्याभरात ते सगळ्या तालुक्याला ठाऊक झालं.

दादा पुन्हा अंजनगावला गेला. या वेळी मीही होते, सुट्टी होती. नत्थुजी शरमेल, हात जोडील, असं दादाला वाटत होतं. नत्थुजीनं चहा मागवला.

“सायेब, तुमचं नाव मी अचलपूरपासून दर्यापूरपर्यंत पोचवून राहिलो,” तो म्हणाला. “मले सांगतलं असतं तं मी आनखी मोठं करून छापलं असतं.”

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहत बसले. त्या माणसापुढं रागावून उपयोगच नव्हता. तरीही एक झालं. नत्थुजीनं त्यानंतर दादाच्या फोटोंना हात लावला नाही. गिऱ्हाईकच म्हणायचं, अकोल्यावाल्याचा दे.

मग लोक जठारपेठेत येऊन पोटाखालचं नाव दाखवा म्हणू लागले. घरच्या गाईचा फोटो काढायला यायचे आणि म्हणायचे, हिच्याबी पोटाखाली तसंच लिहा. दादा वैतागून दार लावून घ्यायचा.

बासष्टमध्ये नागपूरला छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. दादानं बैलांचा तो फोटो पाठवला. तो परत आला, सोबत छापील नियम. चित्राच्या दर्शनी बाजूवर कलावंताचं नाव चालणार नाही. निगेटिव्हवरची शाई पुसता येते. सुईनं कोरलेलं कसं पुसणार? वहिनीनं एक प्रत घेतली आणि पात्याच्या टोकानं एकेक काळी रेघ खरवडून धुळीच्या रंगात मिसळून टाकली. चार दुपारी गेल्या. फोटो स्वीकारला गेला. आम्ही सगळे नागपूरला गेलो, नानासुद्धा.

फोटो भिंतीवर चांगल्या जागी लावला होता. दादा नवा कोट आणि टोपी घालून जवळच उभा. वर्धेकडचे वाटावेत असे दोन शेतकरी गृहस्थ समोर येऊन थांबले. एकानं वाकून बैलाच्या पोटाखाली बराच वेळ निरखलं.

“हा नकली हाये,” तो दुसऱ्याला म्हणाला. “असलीवर इथं खाली नाव असते. मी पाह्यलं हाये.”

दादानं त्याला अडवलं. पाऊण तास समजावलं. नियम सांगितले, निगेटिव्ह सांगितलं, सुई सांगितली. शेवटी तो माणूस म्हणाला, “असंल बाप्पा,” आणि पुढं गेला. त्याचा विश्वास बसला नव्हता. नाना तोंडावर उपरणं धरून भिंतीकडे वळले होते. त्यांचे खांदे हलत होते.

परतीच्या गाडीत दादा वर्धेपर्यंत प्रदर्शनाचे छापील नियम पुन्हा पुन्हा वाचत बसला. मग त्यानं पाहिलं, वहिनी खिडकीशी डोळे मिटून बसली होती आणि दोन्ही पापण्या बोटांनी दाबत होती.

“डोळे दुखतात का तुझे?” त्यानं विचारलं.

“दीड वर्षापासून,” ती म्हणाली.

तो ओरडला नाही. बडनेरा आल्यावर अकोल्याचं तिकीट खिशात असताना तो आमच्याबरोबर खाली उतरला, तिला टांग्यात बसवलं आणि आम्हाला म्हणाला की दोघं चार दिवस अमरावतीतच राहतील. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरनं वहिनीला जाड भिंगांचा चष्मा सांगितला. तिला कुठली चौकट शोभेल, यावरून दादानं चष्मेवाल्याच्या दुकानात दोन तास वाद घातला.